दळण आलं, पण डब्यात ओतणार कोण?



मागच्या खेपेचा कार्यक्रम झाल्यावर एका काकूंचा फोन आला. मुलगा आयटीत, सून आयटीत, नातही आता युनिव्हर्सिटीत कॉम्प्युटरच शिकतेय. काकू म्हणाल्या, "अहो, जेवायला बसलं की तिघं सुरू होतात. थ्रेड अडकला, मेन थ्रेडवर करू नकोस, ते असिंक आहे. मला एवढंच सांगा, अडकतं म्हणजे नक्की काय अडकतं? आणि एवढं अडकलेलं असतं तर मशीन तापत का नाही? आमचा मिक्सर अडकला की लगेच वास येतो."

मी हसलो. पण फोन ठेवल्यावर जाणवलं की मिक्सरच्या वासाचा हा प्रश्न २०१४ साली मला पडला असता, तर एका कंपनीचे बरेच पौंड वाचले असते आणि एका मुलीच्या कामावर आलेलं गंडांतर आलंच नसतं. ती गोष्ट सांगतोच. पण आधी आपण गिरणीत जाऊ.

माझ्या वयाच्या आणि माझ्यापेक्षा मोठ्या मंडळींना दळण आठवत असेल. गव्हाचा डबा घेऊन गिरणीत जायचं. तिथे दोन प्रकारची माणसं असायची. एक, जी आपलं दळण होईपर्यंत तिथेच उभी राहायची, अंगावर पीठ उडवून घेत. दुसरी, जी डबा ठेवायची, चिठ्ठी लावायची, "झालं की पाठवून दे रे" म्हणायची आणि भाजी, पोस्ट, रेशन अशी बाकीची कामं उरकायला निघून जायची.

प्रोग्रॅममध्ये थ्रेड म्हणजे असा एक कामं करणारा माणूस. एकामागून एक ओळी वाचतो आणि सांगितलं तसं करतो. मध्येच एखादी ओळ येते: डेटाबेसमधून माहिती आण, दुसऱ्या कंपनीच्या सर्व्हरला विचार, फाईल वाच. हे सगळं दळण आहे. काम तिकडे गिरणीत होणार, इकडे आपण नुसती वाट बघणार. डेटाबेसचं उत्तर यायला ५० मिलिसेकंद लागले तर आपल्याला ते डोळ्याचं पातं लवण्याआधी झालं असं वाटतं. पण ३ गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरच्या हिशेबात तेवढ्या वेळात १५ कोटी ठोके पडून जातात. गिरणीच्या दारात उभा राहिलेला थ्रेड तो सगळा वेळ काहीही करत नाही. काकू, मशीन तापत नाही ते म्हणून. मिक्सर अडकतो तेव्हा मोटार जोर लावत असते. थ्रेड अडकतो तेव्हा तो फक्त उभा असतो.

एक माणूस उभा राहिला तर फार बिघडत नाही. पण वेबसाइटवर हजारो लोक येतात. पूर्वीची सरळ पद्धत अशी, की प्रत्येक गिऱ्हाइकामागे एक थ्रेड. विंडोजवर एका थ्रेडसाठी सर्वसाधारणपणे १ एमबी जागा राखून ठेवली जाते. दहा हजार गिऱ्हाइकं म्हणजे दहा हजार माणसं गिरणीच्या दारात, आणि त्यांना नुसतं उभं राहायलाच साधारण १० जीबीचं अंगण. डॅन केगल नावाच्या अमेरिकन प्रोग्रॅमरने १९९९ साली हा प्रश्न नीट मांडला: एका सर्व्हरने एकाच वेळी दहा हजार गिऱ्हाइकं कशी सांभाळायची? आमच्या धंद्यात त्याला 'सी टेन के' म्हणतात. त्याचं एक उत्तर म्हणजे हा दुसऱ्या प्रकारचा माणूस, डबा ठेवून निघून जाणारा. २००४ साली बाहेर आलेला एन्जिनएक्स हा वेब सर्व्हर याच चालीवर उभा आहे. २००९ साली रायन डालने नोड-जेएस आणलं तेही याच चालीवर. मोजके थ्रेड, हातात एक यादी. कुठलं दळण झालं, कुठलं टपाल आलं, कोणी बटण दाबलं, जे जे घडलं ते यादीत पडत जातं आणि हा माणूस यादीतलं पुढचं काम उचलत राहतो. घडलं की काम करायचं, म्हणून इव्हेंट-ड्रिव्हन. उभं राहायचं नाही, म्हणून असिंक्रोनस.

इथपर्यंत सगळ्या पुस्तकांत असतं आणि सगळ्यांना पटतं. खरी गंमत पुढे आहे. दळण झालं, पोऱ्या पीठ घेऊन घरी आला. आता ते डब्यात ओतणार कोण?

आमच्या घरी ते आजीच ओतायची. दुसऱ्या कोणी हात लावलेला चालायचा नाही. आणि त्याला कारण होतं. डब्याच्या तळाशी जुनं पीठ असेल तर ते आधी काढायचं, नवं चाळून भरायचं, वर जुनं घालायचं. दोघं जण दोन बाजूंनी ओतायला लागले की जुन्या-नव्याची सरमिसळ, आणि अर्धं जमिनीवर. तुमच्या फोनचा स्क्रीन हा आजीचा डबा आहे. अँड्रॉइड असो, आयफोन असो, विंडोजचा प्रोग्रॅम असो, स्क्रीनवरच्या गोष्टींना हात लावायचा अधिकार एकाच थ्रेडला. त्यालाच मेन थ्रेड म्हणतात. बाहेरून माहिती कोणीही आणो, स्क्रीनवर ठेवायची ती आजीनेच.

म्हणजे 'वाट बघून झाल्यावर पुढचं काम करा' एवढं म्हणून भागत नाही. ते कोणाच्या हातून, कुठल्या घरात, हेही ठरवावं लागतं. ह्या 'कोणाच्या हातून' ला आमच्या भाषेत कॉन्टेक्स्ट म्हणतात. मायक्रोसॉफ्टने २०१२ साली सी शार्प ५ मध्ये 'असिंक' आणि 'अवेट' हे दोन शब्द आणले आणि ही सगळी यातायात आपल्या नजरेआड केली. तुम्ही फक्त 'अवेट' लिहायचं. थ्रेड तिथून मोकळा होतो, आणि उत्तर आलं की पुढच्या ओळी आपोआप मूळच्या घरी, मूळच्या आजीच्या हातून चालू होतात. मूळचं घर कुठलं हे लक्षात ठेवणाऱ्या वस्तूला सिंक्रोनायझेशन कॉन्टेक्स्ट असं लांबलचक नाव आहे. सोय फार छान आहे. आणि नजरेआड झालेल्या गोष्टीचं जे होतं तेच इथेही झालं: आमच्यासारख्यांना ती आहे हेच कळेना.

आता माझी गोष्ट. इंग्लंडच्या मिडलंड्समधली एक माल पोचवणारी कंपनी आमची क्लायंट होती. नाव सांगत नाही. त्यांच्या गोदामातून सकाळी सहाला व्हॅन निघायच्या. त्याआधी डेपोचा माणूस आमच्या वेबसाइटवर त्या दिवसाचे पत्ते उघडायचा. पत्ता बरोबर आहे की नाही हे बाहेरच्या एका सर्व्हिसला विचारून तपासलं जायचं. म्हणजे दळण. हे तपासायचं काम जुन्या पद्धतीने, दारात उभं राहून चालायचं आणि साइट मंद वाटायची, म्हणून ते असिंक करायचं ठरलं.

पुण्याच्या आमच्या टीममधली एक मुलगी ते करणार होती. कॉलेज संपून तीन-चार वर्षं झालेली, कमी बोलणारी. तिने दोन आठवडे मागितले. मी म्हटलं, "अगं, एक फंक्शन तर बदलायचंय." ती म्हणाली, "सर, एक बदललं तर त्याला बोलावणारं बदलावं लागेल, मग त्याला बोलावणारं. वरपर्यंत जायला लागेल." मी दोन दिवस दिले. "आतलं तेवढं असिंक कर, वरचं आहे तसं राहू दे, वरून 'डॉट रिझल्ट' लावून उत्तर काढून घे." हा सल्ला मी तेव्हा कुठेतरी वाचून दिला होता. तो माझा होता, हे इथे रेकॉर्डवर राहू द्या.

'डॉट रिझल्ट' चा अर्थ: काम असिंक असेल नसेल, मला माहीत नाही, उत्तर हातात पडेपर्यंत मी इथून हलणार नाही.

आता आजीला डोळ्यांसमोर आणा. आजी पुढच्या दाराच्या उंबरठ्यावर बसली आहे. "पीठ डब्यात पडल्याशिवाय मी उठणार नाही." पोऱ्या पीठ घेऊन मागच्या दाराला उभा आहे. "आजी उठून आल्या की त्या ओततील, दुसऱ्या कोणी ओतायचं नाही." दोघंही नियमाने वागताहेत. दोघंही बरोबर आहेत. आणि संध्याकाळपर्यंत भाकरी होणार नाही. याला डेडलॉक म्हणतात.

त्या काळच्या एएसपी डॉट नेटमध्ये प्रत्येक विनंतीचं असं एक घर असायचं आणि त्या घरात एका वेळी एकच थ्रेड. तो थ्रेड 'डॉट रिझल्ट' वर बसला, की आलेलं उत्तर दाराबाहेर उभं. आमच्या साइटवर अगदी हेच झालं. पण लगेच झालं नाही, आणि म्हणूनच ते ओळखायला अवघड गेलं.

टेस्ट सगळ्या पास. कारण टेस्ट चालतात तिथे ही आजीच नसते. सिंक्रोनायझेशन कॉन्टेक्स्ट नसतो, त्यामुळे पीठ कोणीही ओततं. शिवाय रोज रात्री एक वेगळा छोटा प्रोग्रॅम चालायचा. तो दुसऱ्या दिवशीचे पत्ते आधीच तपासून टेबलात भरून ठेवायचा. तोही हेच फंक्शन वापरायचा, आणि साधा कन्सोल प्रोग्रॅम असल्यामुळे तिथेही आजी नाही. सकाळी साइटवर पत्ता उघडला की तो टेबलातच सापडायचा. दळण टाकायची वेळच यायची नाही, मग वाट बघणं नाही आणि डेडलॉकही नाही. दिवसातून एखादा नवा पत्ता आला की एखाद्याचा स्क्रीन अडकायचा. लोक म्हणायचे, नेट स्लो आहे.

तुम्हाला माहीतच आहे, इथे मे महिन्यात दोन बँक हॉलिडे येतात. रात्रीचा प्रोग्रॅम बँक हॉलिडेला बंद असायचा. ५ मे चा सोमवार गेला, मंगळवारी पहाटे टेबल रिकामं. सव्वापाचला पहिला डेपो अडकला, मग दुसरा. प्रत्येक विनंतीमागे एक थ्रेड उंबरठ्यावर बसत गेला. डॉट नेटमध्ये थ्रेडचा एक सामायिक ताफा असतो, त्याला थ्रेड पूल म्हणतात. ताफा कमी पडला तर तो नवे थ्रेड देतो, पण फार सावकाश, सेकंदाला एखाद-दुसरा. त्यामुळे ज्या पानांचा पत्त्यांशी काही संबंध नव्हता तीही उघडेनात. व्हॅन भरून उभ्या, ड्रायव्हर चहा पिताहेत, आणि माझा फोन वाजतोय.

मी मॉनिटर उघडला. प्रोसेसर ५ टक्के. मेमरी ठीक. मिक्सरला वास नाही.

एमबीएला ऑपरेशन्सच्या तासाला मी रांगांचं शास्त्र शिकलो होतो. रांग लांबली की काउंटर वाढवा. काउंटरवरचा माणूस नुसता वाट बघत बसला असेल, ही शक्यता त्या गणितात नव्हती. निदान माझ्या वहीत नव्हती. मी दोन नवे सर्व्हर मंजूर करून घेतले. त्या दिवशी कोणीतरी रात्रीचा प्रोग्रॅम हाताने चालवला, पत्ते भरले, साइट सुरू झाली आणि आम्ही सगळ्यांनी 'डेटाचा प्रॉब्लेम होता' असं लिहून फाईल बंद केली.

२६ मे चा दुसरा बँक हॉलिडे. मंगळवारी पहाटे तेच. नवे सर्व्हर धरून सगळेच्या सगळे ५ टक्क्यांवर निवांत.

या वेळी क्लायंटचा मॅनेजर चिडला होता. बदल कोणी केला होता? पुण्याच्या त्या मुलीने. तिला प्रोजेक्टवरून काढा, अशी लेखी मागणी आली. आमच्या धंद्यात क्लायंटने नाव घेऊन काढलं की पुढचं प्रोजेक्ट मिळायला किती महिने बेंचवर बसावं लागेल याचा नेम नसतो, आणि बेंचचे महिने वाढले की पुढे काय होतं ते तुमच्यापैकी पुष्कळांना ठाऊक आहे. मेलचा ड्राफ्ट माझ्यासमोर तयार होता. मी पाठवणार होतो, हेही सांगून टाकतो.

पाठवला नाही, कारण त्याआधी तिचा मेल आला. तिने सर्व्हर अडकलेला असतानाच त्याच्या मेमरीची नक्कल काढून घेतली होती. त्यात प्रत्येक थ्रेड त्या क्षणी कुठल्या ओळीवर आहे ते दिसतं. शेकडो थ्रेड आणि सगळेच्या सगळे एकाच ओळीवर उभे. 'डॉट रिझल्ट'. खाली तिने एवढंच लिहिलं होतं: "सर, थ्रेड बिझी नाहीत, वेटिंगमध्ये आहेत." ५ मे नंतरच्या मीटिंगमध्येही ती हे बोलली होती. मिनिट्समध्ये आहे. मी ऐकलं नव्हतं.

मॅनेजरला मी मग दुसरा मेल लिहिला: दोन आठवड्यांचे दोन दिवस मी केले होते आणि 'डॉट रिझल्ट' माझ्या सांगण्यावरून लागलं होतं. तो फोन सुखाचा झाला नाही. नव्या सर्व्हरचे पैसे कोणी द्यायचे यावर बराच काळ पत्रव्यवहार चालला. पण ती प्रोजेक्टवर राहिली.

दुरुस्ती दोन टप्प्यांत झाली. पहिली त्याच रात्री. 'अवेट' ला एक शेपूट जोडता येतं, कॉन्फिगर-अवेट-फॉल्स. त्याचा अर्थ: पुढचं काम करायला आजीच हवी असा माझा हट्ट नाही, जो मोकळा असेल त्याने करावं. पोऱ्या स्वतःच पीठ ओतून मोकळा. पत्ते तपासणाऱ्या कोडमध्ये आत खोलवर तीन 'अवेट' होते, तिन्हींना ते लावावं लागलं. एक जरी सुटला असता तरी तिथे पोऱ्या पुन्हा दाराशी उभा राहिला असता. दुसरी दुरुस्ती खरी: वरपर्यंत सगळी साखळी असिंक केली. म्हणजे आजीने उंबरठ्यावर बसायचंच नाही. दळण टाकायचं, आत जाऊन दुसरी कामं करायची, पोऱ्या आला की उठून ओतायचं. त्याला लागले बरोबर दोन आठवडे.

मध्ये एक छोटं नाटक झालं, ते सांगितल्याशिवाय कॉन्टेक्स्टचा दुसरा अर्थ कळणार नाही. पहिल्या दुरुस्तीनंतर साइट अडकायची थांबली, पण पत्ते तपासणारा कोड नोंदवहीत 'कुठल्या डेपोच्या माणसाने विचारलं' ते लिहायचा, तिथे एरर यायला लागली. कारण 'सध्याचा वापरकर्ता कोण' ही माहिती त्या मूळच्या घरातच टांगलेली होती. पीठ परभारे ओतायचं ठरलं, तर भिंतीवरचं कॅलेंडर तुम्हाला दिसणार नाही.

इथे दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि चांगल्या अनुभवी लोकांचाही त्यात घोटाळा होतो. एक, काम कोणाच्या घरात चालणार. दुसरी, कामाबरोबर काय सामान जाणार. दळणाच्या डब्यावर चिठ्ठी असायची: नाव, गहू, पाच किलो, बारीक. डबा कुठेही गेला तरी चिठ्ठी बरोबर जाते. डॉट नेटमध्ये ह्या चिठ्ठीला एक्झिक्युशन कॉन्टेक्स्ट म्हणतात, आणि कॉन्फिगर-अवेट-फॉल्स लावलं तरी चिठ्ठी फाटत नाही. फाटतं ते घर. आमच्या डेपोचं नाव चिठ्ठीवर नव्हतं, भिंतीवर होतं. तिने सरळ ते नाव फंक्शनला हातात द्यायला सुरुवात केली. मला अजूनही तोच मार्ग सगळ्यात बरा वाटतो. जे लागणार आहे ते मागून घ्या, भिंतीवर शोधू नका.

चिठ्ठीचा उलटा घोटाळा तर ह्याहून वाईट. थ्रेड पूलमधले थ्रेड पुन्हा पुन्हा वापरले जातात. जुन्या जावा प्रोग्रॅममध्ये पुष्कळदा 'सध्याचा वापरकर्ता' थ्रेडच्या खिशात ठेवलेला असतो, त्याला थ्रेड-लोकल म्हणतात. काम झाल्यावर खिसा रिकामा केला नाही, तर पुढच्या गिऱ्हाइकाचं काम मागच्याच्या नावावर चालतं. जोशांच्या डब्यावर कुलकर्ण्यांची चिठ्ठी. पिठाच्या बाबतीत भाकरी जाड होईल एवढंच. बँक किंवा दवाखान्याच्या बाबतीत एकाची माहिती दुसऱ्याच्या स्क्रीनवर. अशा कोडचं परीक्षण करायला बसलो की मी आधी खिसे तपासतो.

आता तरुण मंडळींसाठी थोडं. तुमच्यातले पुष्कळ जण जावास्क्रिप्ट लिहिता आणि म्हणता, आमच्याकडे एकच थ्रेड, आम्हाला हे प्रश्न नाहीत. डेडलॉकचा हा प्रकार तुमच्याकडे सहसा होत नाही हे खरं. पण तुमचा खड्डा वेगळा आहे. गिरणीत टाकायचं दळण आणि घरच्या जात्यावर दळायचं दळण यात फरक करा. डेटाबेसला विचारणं म्हणजे गिरणी, तिथे 'अवेट' उपयोगी. लाखो आकड्यांची बेरीज, मोठ्या चित्राचा आकार बदलणं, हे जातं. ते तुमचाच हात फिरवतो. त्यापुढे 'असिंक' लिहिलं म्हणून जातं दुसरं कोणी ओढत नाही, आणि तुम्ही जात्यावर असेपर्यंत यादीतलं बाकी सगळं खोळंबतं. ते काम वर्कर थ्रेडकडे द्या.

आणि नोड-जेएस एकटं वाटतं तेवढं एकटं नाही. त्याच्या मागच्या खोलीत मुळात चार मदतनीस बसलेले असतात. फाईल वाचणं, पासवर्डचं गुंतागुंतीचं गणित, नावावरून सर्व्हरचा पत्ता शोधण्याचा एक प्रकार, ही कामं ते चौघं करतात. सकाळी नऊला सगळं ऑफिस एकदम लॉगिन करायला लागलं, चौघंही पासवर्डच्या गणितात गुंतले, की साधी फाईल वाचायलाही माणूस उरत नाही. हा आकडा वाढवता येतो, पण आधी तो चार आहे हे माहीत हवं.

अँड्रॉइडचं मला कौतुक वाटतं ते शिस्तीबद्दल. मेन थ्रेडवरून नेटवर्कला हात लावला तर तो अ‍ॅपच बंद पाडतो. आणि तुम्ही स्क्रीनला बोट लावल्यावर मेन थ्रेडने ५ सेकंदांत दखल घेतली नाही, तर 'अ‍ॅप प्रतिसाद देत नाही' ही पाटी येते. काकू, ती पाटी आली की समजायचं, आजी कुठेतरी उंबरठ्यावर बसली आहे किंवा जात्यावर. तिथल्या कॉटलिन भाषेत तर प्रोग्रॅमरला उघड लिहिता येतं: हे काम मेनवर, हे बाहेरच्या कामांच्या ताफ्यावर. दोन शब्द जास्त टाइप करावे लागतात, पण ओतणार कोण हे पानावर दिसतं. मला अशा भाषा आवडतात. सगळ्यांनाच आवडतात असं नाही.

डॉट नेटवाल्यांनी पुढे २०१६ साली एएसपी डॉट नेट कोअर आणलं, त्यात विनंतीचं ते घरच काढून टाकलं. आजी नाही, डेडलॉक नाही. म्हणून 'आता डॉट रिझल्ट चालतं' असं सांगणारे मला दर प्रोजेक्टमध्ये एक-दोन तरी भेटतात. चालत नाही. थ्रेड तरीही बसूनच राहतो, ताफा तरीही आटतो, फक्त सोडवायला जास्त वेळ लागेल असं आटतो. जावाने सप्टेंबर २०२३ मध्ये, २१ व्या आवृत्तीत, व्हर्च्युअल थ्रेड पक्के केले. तिथे उलटी युक्ती आहे: खुशाल दारात उभे राहा, आम्ही उभं राहणंच स्वस्त करतो. त्यावर कधीतरी वेगळा कार्यक्रम करू.

घरात आठ-दहा वर्षांची मुलं स्क्रॅच खेळत असतील, तर त्यांना हे सगळं आधीच अर्धं येतं. हिरव्या झेंड्यावर क्लिक केलं की मांजरही चालतं, चेंडूही उडतो. मुलांना वाटतं दोन्ही एकदम चालताहेत. खरं तर एकच हात थोडं मांजराचं, थोडं चेंडूचं असं आळीपाळीने करत असतो. त्यात संदेश पाठवायचे दोन ठोकळे आहेत. एक नुसता 'ब्रॉडकास्ट', दुसरा 'ब्रॉडकास्ट अँड वेट'. माझ्या मुलाला मी विचारलं होतं, फरक काय? तो म्हणाला, "पहिल्यात मांजर ओरडून पुढे जातं. दुसऱ्यात ओरडून बघत बसतं." मला एवढं सांगायला आज अख्खा कार्यक्रम लागला.

त्या मुलीबद्दल विचाराल म्हणून सांगतो. ती आता आमच्या कंपनीत नाही. दुसरीकडे आर्किटेक्ट आहे, आणि मध्यंतरी तिने मला एका डिझाइनवर मत विचारलं. मी मत द्यायच्या आधी विचारलं, "थ्रेड बिझी आहेत की वेटिंगमध्ये?" ती म्हणाली, "सर, आता तुम्ही ते विचारायला लागलात होय!"

आणि काकू, आज जेवताना नातीला एवढंच विचारून बघा: "अगं, 'अवेट' च्या पुढची ओळ कुठल्या थ्रेडवर चालते?" ती क्षणभर घास हातात धरून थांबेल. थांबू द्या.